शेतमजुरांची युनियन बांधायचीय? आधी वही घ्या, बॅनर नंतर

मी वाशी मार्केटला भाजीच्या गाळ्यावर लिहायचं काम करतो. म्हणजे रात्री दोनला गाड्या लागल्या की कुणाचे किती क्रेट, वजन किती, भाव काय पडला ते मांडायचं आणि सकाळी दहाला घणसोलीला येऊन झोपायचं. गाव शहापूर तालुक्यात. उन्हाळ्यात आमच्याकडची भेंडी इथेच येते, आणि क्रेटवरच्या खुणेवरनं कधीकधी लगेच कळतं की ही आपल्याच वाडीतल्या बायकांनी तोडलेली आहे. तर ते क्रेट उतरवणारा माथाडी असतो, तो टोळीतला असतो, त्याची हमाली ठरलेली असते, त्यावर लेव्ही, म्हणजे वरची ठरलेली रक्कम, माथाडी बोर्डात जमा होते आणि त्यातनं त्याला फंड, बोनस वगैरे मिळतं, कारण अण्णासाहेब पाटलांनी हमालांना एकत्र केलं आणि १९६९ साली माथाडी कायदा झाला. आणि तेच क्रेट पहाटे भरणारी माझी मावशी? तिला रोज, म्हणजे दिवसाची मजुरी, मिळतो, तोही शेठच्या मनात येईल तेवढा. भेंडीची लव बोटांना चावते म्हणून हातात पोरांचे जुने पायमोजे घालते, ते पण घरचेच.

गेली चार वर्षं आम्ही गावाकडे थोडंफार जमवलंय, त्यामुळे मुरबाड, वासिंद, बदलापूरकडनं फोन येतात की युनियन कशी काढायची, फॉर्म कुठे मिळतो. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. फॉर्मचं शेवटी सांगतो, कारण फॉर्मपासून सुरू केलं की काय होतं ते आम्ही भोगलंय.

पहिल्या वेळी आम्ही सगळं उलटं केलं. बॅनर छापला, पावती पुस्तकं छापली, नारळ फोडला, जो चांगला बोलतो त्याला अध्यक्ष केलं आणि वाडीवाडीत ५० रुपये वर्गणी गोळा केली. मजुरी किती मागायची हेच ठरलं नव्हतं. सहा महिन्यांत अध्यक्ष ग्रामपंचायतीला उभा राहिला, आणि तेही शेठच्याच पॅनलमधनं. बायका म्हणाल्या आमचे ५० रुपये? उत्तर नव्हतं. उरलेल्या पावती पुस्तकांची मागची बाजू पोरांनी रफ वहीला वापरली, आणि पुढची दोन वर्षं युनियन शब्द काढला की लोक हसायचे.

म्हणून दुसऱ्या वेळी सुरुवात केली ती एका टेम्पोपासून. म्हणजे सकाळी एका टेम्पोत बसून जाणाऱ्या ज्या आठ-दहा बायका असतात ना, तेवढ्याच. त्या एकमेकींना ओळखतात, कुणाचा नवरा पितो, कुणाचं पोर आश्रमशाळेत आहे, कुणी शेठकडनं उचल घेतलीय, सगळं माहीत असतं. अख्ख्या तालुक्याचा मेळावा वगैरे नंतर. मीटिंग जेवणं आटपल्यावर घ्या, साडेआठ-नऊला, आणि मुकादमाच्या किंवा त्याच्या भावकीतल्या कुणाच्या ओट्यावर घेऊ नका, अंगणवाडीचा ओटा बरा. आणि पहिल्या मीटिंगला भाषण नको, खरंच नको. फक्त विचारा की तुम्हाला सगळ्यात जास्त काय खटकतं. आम्हाला वाटलेलं सगळ्या मजुरी म्हणतील, तर पहिल्या तिघींनी टेम्पो सांगितला, की आम्हाला भेंडीच्या क्रेटवर बसवून आणतात आणि ब्रेक लागला की लोखंडाची कड मांडीला लागते, आणि वर त्या टेम्पोचे २० रुपये आमच्याच रोजातनं कापतात. हे आम्हाला बाहेरनं कधी कळलं नसतं, मला तर नाहीच, माझी आई आयुष्यभर मजुरीला गेली तरी.

आता वही. ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे म्हणून जरा सविस्तर सांगतो. साधी शंभर पानी वही, प्रत्येकीला एक पान. तारीख, कुणाच्या शेतावर, काय काम, किती वाजता टेम्पोत बसलो, किती वाजता घरी आलो, किती ठरले, किती मिळाले, बाकी किती. बस. लिहायला सातवी-आठवीतली पोरगी बसवा, तिला कामही कळतं आणि आईचा हिशोबही पाठ असतो. रोज रात्री लिहा, आठवड्याचं एकदम लिहायला बसलात तर भांडणं होतात की मंगळवारी मी होते का नव्हते. आणि ज्या दिवशी पैसे मिळाले त्या दिवशी तिच्यासमोर आकडा लिहून अंगठा किंवा सही. महिन्याच्या शेवटी बेरीज करून मोठ्याने वाचली तेव्हा एक मावशी गप्पच झाल्या, कारण त्यांना वाटत होतं शेठकडे बाकी असेल हजारभर, निघाली २,७०० रुपये. त्या नुसतं एवढंच म्हणाल्या, "मंग मी पोरीच्या चपला का नाय घेतल्या?"

ही वही पुढे कायद्यातही कामाला येते. वेतन संहितेत, जी २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, असं आहे की पैसे दिले हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर असते, मजुरावर नाही, आणि दावा तीन वर्षांपर्यंत लावता येतो, तोसुद्धा मजुराच्या वतीने नोंदणी झालेली युनियन लावू शकते. पण मालक उद्या म्हणाला की ही बाई माझ्याकडे कामालाच नव्हती, तर? तिथे वही लागते. शिवाय टेम्पोचा फोटो, शेतातला एखादा सेल्फी, शेठचा "उद्या ८ बायका पाठव" असा मुकादमाला आलेला व्हॉट्सअ‍ॅप मेसेज, जे मिळेल ते जपून ठेवा. आणि अजून एक माहीत असूद्या, रोजंदारीवर असाल तर मजुरी त्याच दिवशी काम संपताना द्यायची असते. "शनिवारी बघू" हा शेठचा रिवाज आहे, कायदा नाही.

मग मागणी ठरवा, आणि मागणी आकड्यात ठरवा. "योग्य मजुरी मिळालीच पाहिजे" असं लिहून काही होत नाही, शेठही म्हणतो मी योग्यच देतो. आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यातलं उदाहरण आहे. जानेवारी १९४५ ला टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली, मग तलासरी, उंबरगाव, डहाणूकडे वारली लोक किसान सभेच्या गोदावरी आणि शामराव परुळेकरांबरोबर उठले ते वेठबिगारीविरुद्ध. आणि गवत कापणीचा संप केला तेव्हा मागणी काय होती, तर ५०० पौंड गवताला अडीच रुपये. बघा किती साफ आहे, वजन करा आणि पैसे द्या, त्यात शेठचं मन कुठे आलंच नाही. आपणही तसंच करायचं. भेंडी तोडणी रोजावर असेल तर तास किती आणि रुपये किती, क्रेटवर असेल तर क्रेटला किती आणि क्रेट म्हणजे किती किलो, नाहीतर क्रेट शिगोशीग भरून घेतात. बाईला आणि बाप्याला एकाच कामाला वेगळा रोज देणं हे १९७६ पासून बेकायदा आहे, तरी भाताच्या लावणीला आजही सर्रास बायकांना कमी देतात, आणि लावणीत वाकून कोण असतं ते सगळ्यांना माहीत आहे. शेतीच्या कामाला सरकारने ठरवलेलं किमान वेतन असतं, त्याची ताजी अधिसूचना कामगार कार्यालयातनं घ्या, झेरॉक्स काढून वहीत चिकटवा. आपली मागणी त्याच्या खाली असता कामा नये एवढं बघा, वर किती ते तुमच्या ताकदीवर.

ताकद म्हणजे वेळ. मार्केटला बसून मला हे जास्त कळतं. भेंडी एक दिवसाआड तोडावीच लागते, राहिली की जून होते, आणि जून भेंडीला आमच्या गाळ्यावर कुणी हात लावत नाही, मग एक्सपोर्टवाला तर सोडाच. भाताचंही तेच, आवण, म्हणजे लावायची रोपं, तयार झालं, तीन-साडेतीन आठवडे झाले आणि पाऊस धरला की मालकाला दुसरं काही सुचत नाही. म्हणजे बोलणी कधी करायची? राब, म्हणजे रोपांची जागा, भाजून होतो आणि पेरणीची तयारी चालते तेव्हा, म्हणजे मे महिन्यात. ऐन लावणीत हातातली मूठ टाकून बांधावर येऊन बसलात तर मालक एकदा ऐकेल, आणि पुढच्या वर्षी तुम्हाला बोलावणार नाही. मे महिन्यात सांगितलं की यंदा आमचा रोज एवढा, पटलं तर आम्ही दहाजणी पहिल्या पावसाला तुमच्याकडे हजर, तर त्यालाही बरं पडतं, कारण त्याचीही माणसं मिळण्याची बोंबच आहे, तरणी पोरं सगळी भिवंडीच्या गोडाऊनला गेलीत.

इथे एक गोष्ट सांगायलाच पाहिजे. मालक सगळे एकसारखे नसतात. ज्याची दीड एकर भातशेती आहे तो स्वतः चिखलात उतरलेला असतो, त्याची बायको आपल्याच रांगेत लावणी करते, आणि भाताला काय भाव मिळतो ते मला विचारू नका. त्याच्याशी इर्जिकीसारखं, म्हणजे एकमेकांच्या कामाला जाण्यासारखं, काहीतरी जमतं, थोडा रोज थोडं धान्य, थोडं पुढेमागे. दुसरा म्हणजे २० एकर खंडाने घेऊन भेंडी लावणारा, त्याचा हिशोब वेगळा. आणि तिसरा मुंबई-ठाण्याचा फार्महाऊसवाला, जो शनिवारी येतो, आंब्याच्या बुंध्याला चुना लावून घेतो आणि रोज देताना घासाघीस करतो, त्याच्याशी मात्र अजिबात नमतं घेऊ नका. तिघांना एकच पत्रक वाटलं की गावातच दोन तट पडतात आणि मजा फार्महाऊसवाला बघतो.

बोलायला जाताना पाचजणी जा. एक गेली तर तिला फोडतात, वीस गेल्या तर शेठ मोर्चा आला म्हणून फोन करतो. आधी ठरवा कोण बोलणार, कोण वही धरणार, आणि शेवटचा आकडा काय ज्याच्याखाली कुणी "हो" म्हणायचं नाही. आम्ही गेलो तेव्हा रोज ३०० होता, मागितले ४००, शेठनी खुर्च्या मागवल्या, चहा मागवला, आजीची तब्येत विचारली, आणि मग म्हणाले, "ताई, तुम्ही घरच्या, तुम्हाला काय सांगायचं, परवडतच नाय." आमच्या मावशीने चहा खाली ठेवला आणि म्हणाल्या, "शेठ, परवडत नसंल तर भेंडी कमी लावा, आमी नाय रागावनार." तो दिवस तसाच गेला. चार दिवसांनी मुकादमच घरी आला, ३६० वर तुटलं आणि टेम्पोचे पैसे कापायचे बंद. ४०० नाही झाले, हे पण लिहितो, नाहीतर वाचून वाटेल की सगळं जादूने झालं. आणि जे ठरलं ते तिथल्या तिथे वहीत लिहून शेठची सही घेतली. सही द्यायला का-कू केली तर व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज टाका, "आज ठरल्याप्रमाणे रोज ३६०, टेम्पो तुमचा", तो "ओके" म्हणाला की झालं.

आता सगळ्यात नाजूक भाग. तुम्ही थांबलात की मुकादम मजूर नाक्यावरनं दुसरी माणसं आणतो, बहुतेक जव्हार-मोखाड्याकडची, जी घरापासनं एवढ्या लांब फक्त दहा-पंधरा दिवसांची लावणी करायला आलेली असतात. आमच्यातल्या काही जणांनी पहिल्या वर्षी त्यांना शिव्या दिल्या, त्यांचा टेम्पो अडवला. अत्यंत चुकीचं. ती आपल्याहून गरीब माणसं, पुलाखाली झोपतात. दुसऱ्या वर्षी दोघीजणी नाक्यावर सकाळी सहाला जाऊन त्यांच्याशी बोलल्या, यंदा इकडे ३६० चालू आहे, त्याखाली बसू नका. ती माणसं उलट खूश, कारण त्यांना कुणी रेटच सांगत नव्हतं. नाक्यावरचा रेट एक झाला की अर्धं काम झालं.

पैशांसोबत कामाच्या बाकी गोष्टीही मागणीत घाला, पण मोजक्या. प्यायचं पाणी, दुपारची सुट्टी, माणसं आणि माल वेगळा. फवारणी करणाऱ्याला हातमोजे, मास्क, चष्मा मालकाने द्यायचा. औषधाच्या डब्यावर चौकोनात रंगीत त्रिकोण असतो तो सगळ्यांना दाखवून ठेवा, लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, हिरवा. २०१७ ला यवतमाळमध्ये फवारणीने माणसं मेली, त्यात शेतमजूर होते, तेव्हा हे बारीकसारीक समजू नका. लावणीच्या दिवसांत कुणाला ताप आला आणि पोटऱ्या दुखायला लागल्या तर अंगावर काढू नका, प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि डॉक्टरला आपणहून सांगा की चिखलात काम करतो, पायाला जखम होती, म्हणजे ते लेप्टोच्या, म्हणजे चिखल-पाण्यातनं होणाऱ्या तापाच्या, अंगाने बघतील. साप चावला तर भगताकडे नंतर, आधी १०८.

अपघाताचं एक कुणी सांगत नाही ते सांगतो. गोपीनाथ मुंडे अपघात योजनेचे २ लाख मिळतात असं सगळ्यांनी ऐकलेलं असतं, पण ते सातबारावाल्या शेतकऱ्याला आणि त्याच्या घरातल्या एकाला. भूमिहीन मजूर त्यात बसत नाही. ई-श्रम कार्ड, म्हणजे असंघटित कामगारांची सरकारी नोंद, सगळ्यांचं काढून ठेवा. आणि ट्रॅक्टर, मळणी यंत्र असल्या यंत्रावर काम करताना काही झालं तर मालकाकडनं नुकसानभरपाई मागता येते, तिथे "पाच हजार घे आणि मिटव" यावर अंगठा देऊ नका.

उचलीचा विषय वेगळा आहे. आमच्याकडचे बरेच कातकरी दिवाळीनंतर जोडप्याने वीटभट्टीला जातात, आधी बयाणा घेतात, आठवड्याला खर्ची मिळते आणि पावसाच्या तोंडावर हिशोब होतो, ज्यात नेहमी मजुराकडेच बाकी निघते. बाकी फिटेपर्यंत दुसरीकडे कामाला जायचं नाही असं कुणी म्हणत असेल तर ती वेठबिगारी आहे, १९७६ चा कायदा आहे, आणि त्या कायद्याने ते कर्जच रद्द होतं. अर्ज प्रांत ऑफिसला, शहापूरवाल्यांनी भिवंडीला, मुरबाडवाल्यांनी कल्याणला. तिथनं मुक्तीचा दाखला मिळतो, आणि पुनर्वसनाचे पैसे त्या दाखल्यावर असतात म्हणून तो घेतल्याशिवाय परत येऊ नका. हे मात्र एकट्याने करू नका, मारहाण होते. श्रमजीवी संघटना १९८२ पासून हेच काम करत आलीय, त्यांच्या तालुक्याच्या माणसाला सोबत घ्या. लाल बावट्याची, म्हणजे कम्युनिस्टांची, शेतमजूर युनियन आहे, तीही १९८२ ची. मला विचाराल तर पहिली दोन वर्षं स्वतःच्या वहीवर चाला आणि फोन नंबर सगळ्यांचे ठेवा, कुणाच्या झेंड्याखाली जायचं ते नंतर बायका ठरवतील. काही जण म्हणतील हे चूक आहे, मोठ्या संघटनेशिवाय टिकाव लागत नाही, असू शकेल, पण आमचा अनुभव असा.

आता तो फॉर्म. जुना १९२६ चा ट्रेड युनियन कायदा जाऊन औद्योगिक संबंध संहिता आलीय, पण ढोबळ गोष्ट तीच आहे. अर्जावर सह्या सातजणांच्या लागतात, पण सभासद त्या धंद्यातल्या कामगारांच्या १० टक्के किंवा १०० यातला कमी आकडा तेवढे पाहिजेत. तालुक्याच्या शेतमजुरांचे १० टक्के म्हणजे खूप होतील, त्यामुळे आपल्यासाठी १०० धरा, आणि गळती होते म्हणून दीडशे करा. नियमावली लागते, सभासदांची यादी, पदाधिकाऱ्यांची नावं, प्रतिज्ञापत्र. पदाधिकाऱ्यांत निम्मे तरी प्रत्यक्ष मजुरी करणारे असावे लागतात, आणि मी म्हणेन निम्मे कशाला, माझ्यासारखे बाहेरचे एक-दोन पुरे, तेही लिहिण्यापुरते. दरवर्षी हिशोब तपासून पाठवावा लागतो, तो चुकला की नोंदणी जाऊ शकते. कामगार उपायुक्तांच्या ठाण्याच्या ऑफिसला आधी एकदा नुसतं विचारायला जा. आणि वर्गणी घेतली की त्याच रात्री पावती, महिन्याला जमाखर्च अंगणवाडीच्या भिंतीवर.

ग्रुपचं सांगायचं राहिलं. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढा पण मीटिंगचा निरोप ग्रुपवर पक्का धरू नका, दोन ठरलेल्या बायकांकडनं तोंडी आला तरच खरा. हे १० ऑक्टोबर १९४५ वरनं शिकलोय. गोदावरीबाई येणार अशी खोटी आवई उठवून वारल्यांना तलवाड्याला जमवलं होतं, आणि तिथे पोलिसांनी गोळ्या घातल्या, पाचजण गेले, त्यात जेठ्या गांगड. तेव्हा तर मोबाईल पण नव्हते. आमच्याकडे मागच्या मे महिन्यात एक मेसेज फिरला की युनियनने ३०० ला मान्यता दिली, सगळ्यांनी उद्या जा. कुणी टाकला कळलं नाही. त्या रात्री मी गाळ्यावर होतो, पावणेतीनला मावशीचा मिस्ड कॉल, परत लावला तर म्हणाल्या, "मेसेज खोटा हाय ना? मी दारोदार सांगून आले, आता झोपते."